आईचें तैलचित्र

ज्या घराच्या दिवाणखान्यांत तसबिरी लागलेल्या असतात, त्या घरचीं माणसें त्यांकडे सहसा पाहत नाहींत. पाहतो तो पाहुणा, आणि तोही पहिल्या भेटींतच. सार्वजनिक संस्थांची गोष्ट याहून निराळी नाहीं. सभागृहांतील संस्थापकांच्या भव्य तैलचित्रास वर्षांतून एकदां हार पडतो. उरलेले ३६४ दिवस तें पालींच्या स्वाधीन असतें. आम्हीं आयुष्याचीं ३५ वर्षें शाळेंत चित्रकला शिकविण्यांत व फावला वेळ अशीं तैलचित्रें रंगविण्यांत घालविला असल्यामुळें या उपेक्षेविषयीं चार शब्द बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे, असें आम्ही समजत होतों. परंतु गेल्या वर्षीं असा एक प्रकार घडला कीं, न पाहण्याबद्दल दुसऱ्यास दोष देण्याचें धैर्य आमच्या ठिकाणीं उरलेलें नाहीं. तीच हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे.

आमच्या हातून उतरलेलीं बहुतेक तैलचित्रें मृत व्यक्तींचीं, आणि तीं सर्व फोटोवरून केलेलीं. माणूस गेलें म्हणजे घरांतील मंडळी लग्नांतल्या समूहचित्रांतील अंगठ्याएवढा चेहरा दाखवितात आणि "एवढा मोठा करून द्या" म्हणतात. मग चौकटी आंखून तो चेहरा कॅनव्हासवर वाढवावयाचा. कोटाचा रंग कोणता होता तें थोरल्या सुनेस विचारावयाचें. उपरण्याच्या चुण्या पाहण्यासाठीं तें शाळेच्या शिपायाच्या खांद्यावर टाकावयाचें. आणि गालांवरची लाली आपल्या पदरची घालावयाची. एकदां एका संस्थेच्या चालकांनीं पुरें झालेलें चित्र पाहून, "चेहरा जरा प्रसन्न करा," अशी सूचना केली. हे गृहस्थ हयातींत प्रसन्न असल्याचें कोणाच्याही स्मरणांत नव्हतें. तरी आम्हीं ओंठांचे कोंपरे जवाच्या दाण्याएवढे वर उचलले आणि बिल वसूल केलें. अशा कामानें हात तयार होतो. डोळा मात्र झोंपीं जातो. फोटोंतील चेहरा हा यंत्रानें आधींच पाहून ठेवलेला असतो. आपण त्याची नक्कल करतों, आणि आपण पाहिलें अशी समजूत करून घेतों.

तैलरंगांतलें हुबेहूब व्यक्तिचित्र ही कला आमच्या प्रांतांत इंग्रजी अमदानींत आली. १८५७ सालीं मुंबईस सर जमशेटजी जिजीभाई यांच्या नांवाची कलाशाळा सुरू झाली, आणि पुढें धुरंधर, पिठावाला, त्रिंदाद यांच्यासारखे तैलरंगावर प्रभुत्व असलेले चित्रकार तेथून बाहेर पडले. रविवर्मा हा तर त्रावणकोरच्या दरबारीं आलेल्या परक्या चित्रकारांचें काम पाहून पाहून हें तंत्र शिकला. आमची स्वतःची या कलेशीं ओळख झाली ती सातारा जिल्ह्यांतील औंधास. तेथील अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार होते, आणि त्यांचें संग्रहालय १९३८ सालीं यमाईच्या डोंगरावर उभें राहिलें. आम्ही आठनऊ वर्षांचे असतांना आईबरोबर देवीच्या दर्शनास गेलों होतों. वाटेंत त्या संग्रहालयांत शिरलों तों रविवर्म्याच्या एका चित्रापुढें असे खिळून उभे राहिलों कीं, आईला आमचा दंड धरून ओढावें लागलें. "चल रे, देवीला उशीर होतोय!" रंगाची केलेली कातडी अशी ऊनऊन कशी दिसते, हा प्रश्न त्या दिवशीं आमच्या डोक्यांत शिरला तो अजून गेलेला नाहीं.

त्याचें थोडेंसें उत्तर तेलांत आहे. जलरंग पाहतां पाहतां वाळतो. तैलरंग आपल्यासाठीं थांबतो. जवसाचें तेल पाण्यासारखें उडून जाऊन वाळत नसतें. हवेंतील प्राणवायु घेऊन तें हळूहळू घट्ट होतें, आणि या क्रियेस दिवस लागतात, थर जाड असला तर महिने लागतात. तेवढ्या अवधींत गालाची लाली हनुवटीच्या हिरवट छटेंत मिसळतां येते, चुकलेलें खरडून काढतां येतें, अर्धपारदर्शक थरावर थर चढवितां येतात, आणि प्रकाश त्या थरांतून आंत जाऊन परत येतो, जसा तो खऱ्या कातडींतून येतो. खालचे थर टर्पेंटाइननें पातळ केलेले, वरचे अधिक तेलकट, हा क्रम मात्र पाळावा लागतो. तो मोडला तर पुढें चित्रास भेगा पडतात. एवढी सवड देणारें साधन हातीं असतां आम्हीं आयुष्यभर निर्जीव फोटोंच्या नकला कराव्या, याची निवृत्तीनंतर आम्हांस लाज वाटूं लागली. त्रिंदाद यांनीं आपली पत्नी व आपली मुलगी यांस समोर बसवून काढलेलीं चित्रें पाहिलीं म्हणजे ती लाज वाढे. तेव्हां आम्हीं ठरविलें कीं, एकदां तरी जिवंत माणूस समोर बसवून, घाई न करतां, डोळ्यांस दिसेल तेवढेंच रंगवावयाचें.

समोर बसविण्याजोगें माणूस घरांतच होतें. आईचें वय तेव्हां ८१ वर्षांचें. बेत सांगतांच ती म्हणाली, "माझं चित्र? अरे, भिंतीवर चढायला मला अजून अवकाश आहे!" आमच्या घरच्या भिंतीवर आजोबा आहेत, आजी आहे, वडील आहेत, आणि तिघांनाही हार आहेत, म्हणजे तिचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. शेवटीं, ती आहे तोंपर्यंत चित्र भिंतीवर लावावयाचें नाहीं, आणि बसल्या जागीं हात रिकामे राहतां कामा नयेत, अशा दोन अटींवर तिनें कबूल केलें. सुपांत तांदूळ घेऊन निवडीत बसावें, असें आम्हीं सुचविलें. निळें इरकली लुगडें, त्यावर सूप, सुपांत पांढरे तांदूळ, अशी रचना आमच्या मनांत होती. ती म्हणाली, "तांदूळ नकोत. वाती वळीन." सबंध आयुष्य तांदूळ निवडण्यांत गेलेल्या बाईला तांदूळ नकोसे कां झाले, हा प्रश्न आमच्या मनांत आला नाहीं. रचना बिघडली एवढेंच आम्हांस वाईट वाटलें.

तुळशीचें लग्न झालें आणि दुसऱ्या दिवसापासून बैठका सुरू झाल्या. वेळ सकाळीं नऊ ते साडेदहा. खिडकी उत्तरेची घेतली. कारण त्या ऋतूंत उत्तरेच्या खिडकींतून ऊन आंत येत नाहीं, आणि उजेड पुष्कळ वेळ सारखा राहतो. ती खिडकी आणि अंगणांत उघडणारें दार हीं दोन्ही आईच्या डाव्या हातास होतीं. प्रथम अंबर रंग पातळ करून डोक्याचा ठोकळा आणि छाया मांडल्या. मग चारपांच बैठकांत मुख्य रंग भरले. पंधरा मिनिटें बसावयाचें, पांच मिनिटें विसांवा घ्यावयाचा, असा नियम होता. परंतु आईस तो नियम साधेना. अंगणांत कोणाचें पाऊल वाजलें कीं ती सबंध मान डावीकडे वळवी. दूधवाला असो, मांजर असो, कीं वाऱ्यानें हललेलें दार असो. नुसती नजर वळवावी, मान कशाला? आम्ही सांगत गेलों, ती "बरं" म्हणत गेली, आणि मान वळतच राहिली. नवव्या का दहाव्या बैठकीस आमचा तोल सुटला. "आई, तुला पंधरा मिनिटं मान सरळ ठेवतां येत नाहीं का? लहान मुलंसुद्धां बसतात!" असें आम्ही बोलून गेलों. तिनें उत्तर केलें नाहीं. उरलेला वेळ ती अंग आंखडून इतकी ताठ बसली कीं, त्या दिवशीं खांदे रंगवितां आले नाहींत.

शाळेंत आम्ही मुलांना पहिला धडा देत असूं तो हा, कीं जें माहीत आहे तें काढूं नका, जें दिसतें तें काढा. मुलें डोळे कपाळाच्या जागीं काढतात; कारण कपाळांत कांहीं विशेष नसतें असें त्यांस वाटतें. वस्तुतः डोळे डोक्याच्या मधोमध असतात. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा असतो हें सर्वांस माहीत असतें. प्रत्यक्षांत तो पापणीच्या छायेंत चांगला करडा दिसतो, आणि तो पांढरा रंगविला तर चेहरा घाबरल्यासारखा होतो. म्हणून चित्रकारास क्षणभर विसरावें लागतें कीं हें नाक आहे, हा ओंठ आहे, किंबहुना ही आपली आई आहे. व्हिसलरनें १८७१ सालीं आपल्या आईचें जें चित्र केलें, आणि जें आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयांत आहे, त्यास त्यानें 'करड्या व काळ्या रंगांची रचना' असें नांव दिलें. पुष्कळांस हा कोरडेपणा वाटतो. आम्हांस तो वाटत नाहीं. आई हा शब्द डोळ्यांपुढें आला कीं समोरचा चेहरा दिसेनासा होतो, हें त्याला ठाऊक असलें पाहिजे. आम्हांसही तें ठाऊक होतें. निदान शिकविण्यापुरतें होतें.

डोळे आम्हीं शेवटीं घेतले. दोन्ही बुबुळें तपकिरी, दोन्ही बाहुल्या काळ्या, दोन्हींवर खिडकीचा चमकता ठिपका. काम नीट झालें होतें आणि चित्र मुळींच आईसारखें दिसत नव्हतें. चूक शोधण्याची जुनी युक्ति म्हणजे चित्र आरशांत पाहणें. उलटें झालेलें चित्र परकें होतें आणि दोष उघडे पडतात. आरशांत पाहिलें तर नाक, जबडा, कपाळ, सर्व बरोबर. चित्रांतली बाई दोन्ही डोळ्यांनीं आमच्याकडे पाहत होती, एवढेंच. समोर पाहिलें तर डावी बाहुली फिकट दिसे. आम्हीं मनाशीं म्हटलें, खिडकी त्याच बाजूस आहे, उजेडाचा परिणाम असेल. आणि बाहुली काळीच ठेवली. बाहुली काळी असते हें आम्हांस माहीत होतें.

मार्गशीर्षांत एक दिवस अवेळीं आभाळ भरून आलें. खोलींतला उजेड मंद आणि चोहोंकडे सारखा झाला. छाया जवळजवळ नाहींशा झाल्या, आणि उजेडावर घालतां येईल असें कोणतेंच निमित्त उरलें नाहीं. तरी उजवी बाहुली विहिरीसारखी खोल काळी आणि डावी पाणचट ताकाच्या रंगाची, अशींच तीं दिसत होतीं. आम्हीं डोळे किलकिले करून पाहिलें, ईझलपासून चार पावलें मागें जाऊन पाहिलें. मग पॅलेटवर पांढरा, काळा आणि किंचित् पिवळी माती मिसळून तो करडा रंग केला, आणि कुंचल्याच्या टोंकानें डाव्या बाहुलीवर ठेवला.

त्याबरोबर आई कॅनव्हासवर आली. दुसरा शब्द आम्हांस सुचत नाहीं. तीन आठवडे जें साम्य सांपडत नव्हतें, तें मोहरीएवढ्या करड्या ठिपक्यानें एका क्षणांत सांपडलें. आणि आम्हांस जें प्रथम वाटलें तें येथें लपवून ठेवावयाचें नाहीं. आम्हांस आनंद झाला. साधलें, हा हा म्हणतां साधलें, असा निर्भेळ, अप्पलपोटा आनंद. तो किती वेळ टिकला हें सांगतां येत नाहीं. कुंचला पुन्हां पॅलेटकडे नेईपर्यंत टिकला असेल. मग आपण काय रंगविलें हें आम्हांस समजलें.

आम्ही उठून तिच्याजवळ गेलों आणि तिचा उजवा डोळा तळहातानें झांकला. "आतां काय दिसतं?"

ती कांहीं वेळ बोलली नाहीं. हातांतली वात तिनें पुरी वळली आणि मग म्हणाली, "उजेड दिसतो."

"मी दिसतों का?"

"कोणीतरी आहे एवढं दिसतं."

हें केव्हांपासून, असें विचारतां तिनें सांगितलें, "दोन आषाढ्या झाल्या असतील." कोणास बोलली कां नाहीं, याचें कारणही तिच्याजवळ तयार होतें. तिच्या मावशीचा मोतीबिंदु जुन्या काळीं काढला होता. त्यानंतर मावशी जन्मभर बाटलीच्या बुडाएवढ्या जाड भिंगांतून पाहत होती आणि पायऱ्या चुकत होती. "त्यापेक्षां एक डोळा पुरे आहे म्हटलं. आतां कुठं पोथ्या वाचायच्यात?" तांदळांतले खडे दिसत नव्हते म्हणून वाती, वाती बोटांनीं वळतां येतात. डावीकडून येणारें माणूस दिसत नव्हतें म्हणून मान. चांगला डोळा तिकडे न्यावयाचा तर मानच वळवावी लागते. जी गोष्ट ती दोन वर्षें रोज आपल्या मानेनें आम्हांस सांगत होती, तीबद्दल आम्हीं तिला रागें भरलों होतों.

त्या रात्रीं आम्हीं मुलांच्या मोबाइलवरचीं आईचीं छायाचित्रें काढून पाहिलीं. दोनतीनशें तरी होतीं: बारशांतलीं, वाढदिवसांतलीं, अंगणांतलीं. शेवटच्या दोन वर्षांतल्या एकूणएक छायाचित्रांत तिची मान थोडीशी डावीकडे वळलेली होती. एकाही छायाचित्रांत तें आम्हांस यापूर्वीं दिसलें नव्हतें.

पुढचा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. मोतीबिंदु काढून डोळ्यांतच कृत्रिम भिंग बसविण्याचा पहिला प्रयोग १९४९ सालीं लंडनमध्यें हॅरोल्ड रिडले या शस्त्रवैद्यानें केला. त्या मार्गानें आज जाड चष्म्याची आपत्ति टळली आहे. डॉक्टरांनीं हें समजावून सांगितल्यावर मावशीचें भूत उतरलें. शस्त्रक्रियेस अर्धा तासही लागला नाहीं. पट्टी सुटल्यावर आईनें प्रथम आपलें लुगडें पाहिलें आणि म्हणाली, "इतकं निळं होतं होय हें?" मोतीबिंदु झालेलें भिंग पिवळट पडतें आणि निळा रंग गिळतें. चित्रकार मोने यास हीच व्याधि होती; १९२३ सालीं, वयाच्या ८२ व्या वर्षीं, त्याच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर कांहीं दिवस त्यास रंगांचा मेळ बसेना. आईनें याची मजा घेतली. एक डोळा झांकावा, दुसरा उघडावा, आणि आल्यागेल्यास सांगावें, "ह्या डोळ्यानं तूं गोरा दिसतोस आणि ह्यानं काळा!"

मग चित्राचा प्रश्न उभा राहिला. ताई पुण्याहून आईच्या समाचारास आली होती. तिनें चित्र पाहिलें आणि म्हणाली, "आतां डोळा बरा झालाय, तर चित्रांतलाही करून टाक. तुझा हात काय लागतो? उद्यां नातवंडं म्हणायचीं, पणजी एका डोळ्यानं आंधळी होती." आमच्या कुटुंबाचेंही मत तेंच पडलें. आणि खरोखरच हात लागत नव्हता. काळ्या रंगाचा एक ठिपका, चहा निवण्याच्या आंत काम झालें असतें. ओंठांचे कोंपरे उचलण्यास आम्हीं याहून अधिक वेळ घेतला होता.

दोन कारणांनीं आमचा हात पुढें होईना. एक कारण धंद्यांतलें. तैलरंगाचा थर काळ लोटतो तसा अधिकाधिक पारदर्शक होत जातो, आणि खालीं झांकलेलें हळूहळू वर दिसूं लागतें. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयांत वेलास्केथनें काढलेलें चौथ्या फिलिप राजाचें अश्वारूढ चित्र आहे. घोड्याचे जे पाय त्यानें बदलून झांकून टाकले, ते आज पुसट दिसतात. म्हणजे ज्या नातवंडांपासून तो डोळा लपवावयाचा, त्यांच्या नातवंडांपुढें तो पुन्हां उघडा पडावयाचा. दुसरें कारण ड्यूररचें. त्यानें १५१४ सालीं आपल्या ६३ वर्षांच्या आईचें कोळशानें एक रेखाचित्र केलें. कपाळावरच्या आंठ्या, गळ्याच्या शिरा, आणि दोन्ही डोळ्यांची दृष्टि एके ठिकाणीं मिळत नाहीं हें व्यंग, यांपैकीं कांहीं एक त्यानें सोडलें नाहीं. त्यानंतर दोनच महिन्यांनीं ती वारली. तें चित्र पाहतांना ती म्हातारी कुरूप होती असें कोणाच्या मनांत येत नाहीं. तिच्या मुलानें तिला नीट पाहिलें होतें, असें येतें. आमच्या बाबतींत तसें म्हणतां येणार नाहीं. आम्हीं पाहिलें, पण दोन वर्षें उशिरा, आणि तेंही चित्र जमेना म्हणून. तो करडा ठिपका आईच्या व्यंगाची खूण नसून आमच्या हयगयीची आहे, आणि ती झांकण्याची मुभा आम्हांस आहे असें आम्हांस वाटेना.

तरी चित्र तिचें होतें, म्हणून आम्हीं तिलाच विचारलें. ती चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. दोन्ही डोळ्यांनीं तिनें तें प्रथमच पाहिलें. "राहूं दे तसाच," ती म्हणाली. "तेव्हां तो तसाच होता. पण वाती छान वळल्यात मी."

पूर्ण वाळलेल्या तैलचित्रावरच वार्निश द्यावयाचें असतें. त्यास सहा महिन्यांपासून वर्षभर अवधि द्यावा लागतो. तोंपर्यंत चित्र कपाटावर भिंतीकडे टेकून होतें, कारण भिंतीवर लावावयाचें नाहीं ही अट कायम होती. यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं आम्हीं तें खालीं घेतलें, धूळ पुसली, अंगणांत पाट मांडून त्यावर आडवें ठेवलें, आणि रुंद कुंचल्यानें वार्निश दिलें. आई शेजारीं वाटी धरून उभी होती. काम संपलेंसें वाटून आम्ही कुंचला पुसूं लागलों, तों ती वांकून म्हणाली, "डाव्या कोंपऱ्यांत राहिलंय बघ."

आम्हीं तिरप्या उजेडांत पाहिलें. सुपारीएवढी जागा कोरडी राहिली होती.